पाव फेरा

सहाव्या तारेवर, तिसऱ्या पडद्याशी,
माशी अडकल्यासारखं काहीतरी.
ताइस्तोने गिटार पेटीतून काढायच्या आधी
आवाजच काढून दाखवला तोंडाने :
झ्झर्र.
शनिवारी लग्न आहे, म्हणाला, नाच आहे,
लोक टँगोला उभे राहतील
आणि ही मध्येच कुरकुरेल.

ऐलाने हीटर कमी केला.
वार्काउसमध्ये उणे बावीस,
तळं इतकं गोठलेलं की वरून ट्रॅक्टर जातो,
आणि घराघरात ऊब अशी कोरडी
की लाकूडसुद्धा ओठ चाटतं.

तरंगती घोडी कशालाच खिळलेली नसते.
दोन खुंट्यांच्या धारेवर टेकते, बस्स.
पुढून सहा तारा ओढतात,
पाठीमागून पोटातल्या तीन स्प्रिंगा.
एक तार चढवा, बाकीच्या पाच हळूच उतरतात.
त्या पाच लावा,
पहिली परत रुसते.

आज घोडी मागे बसली होती,
शेपूट खड्ड्यात,
तारा पडद्यांना टेकायला आलेल्या.
इथेच घोडं पेंड खात होतं.

‘तारा बदलल्यास?’
‘नाही.’
‘कुठल्या आहेत?’
‘नेहमीच्याच. दहाच्या.’
ऐलाने सर्वांत बारीक तार चिमटीत धरली.
मायक्रोमीटर ड्रॉवरमध्येच राहू दिला.
नऊची होती.
ती काही बोलली नाही.
दुकानात येऊन वीस मिनिटं झाली होती
आणि त्याने हातमोजे अजून काढले नव्हते.

ज्या भाषेत मी हे लिहितोय
तिच्या तंबोऱ्यात हा आवाज लोक मुद्दाम आणतात,
तारेखाली सुती दोरा सरकवत बसतात,
सापडला की डोळे मिटतात,
जवारी म्हणतात त्याला.
ऐलाला हे सांगायला मी तिथे नव्हतो.
सांगितलं असतं तरी टँगोच्या वेळी
त्याचा काय उपयोग.

गिटार उपडी. पाठीवरचं झाकण बाजूला.
दोन स्क्रू, पाव फेरा सैल.
सूर लाव. बघ.
पुन्हा पाव. सूर लाव.
घोडी उठली केसभर, आणखी केसभर,
बसलेलं जनावर पुढचे पाय रोवून उठतं तशी,
फक्त फार सावकाश.
‘एकदम अर्धा का नाही फिरवत?’
‘अर्ध्यात सगळंच सुटतं,’ ती म्हणाली,
‘मग कोण काय ओढत होतं तेच कळत नाही.’

आता मान.
तारा हलक्या झाल्या, ओढ कमी पडली,
म्हणून मान ताठ, नको तितकी.
आतली सळई तिने पान्याने जराशी ढिली केली
आणि मानेला थोडं वाकू दिलं.
पुन्हा सूर. पुन्हा घोडी.
मग पहिला पडदा दाबला, शेवटचा दाबला,
कागदाची कात्रणं त्याच्याकडे सरकवली :
‘सातव्यापाशी फट किती, तू बघ.
मी चष्मा विसरलेय.’
चष्मा तिच्या कपाळावर होता.

ताइस्तोने हातमोजा काढला.
बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी.
एकतीस वर्षं कागदाच्या यंत्राशी उभा होता हा माणूस.
एक कात्रण चोळलं, टाकलं.
दुसरं टाकलं.
तिसऱ्यावर अंगठा थांबला.
‘दोनशे ग्रॅम,’ म्हणाला, ‘आणि चांगल्या दिवशीचा.’
तारेखालून सरकवला.
तार हलली नाही, कागद अडला नाही.

सहावी तार छेडली, तिसरा पडदा.
माशी गेली होती.
पाचवीवर थोडी खरखर उरलीच.
‘अँपमधून ऐकू येत नाही ती,’ ऐला म्हणाली.
‘मला येईल,’ तो म्हणाला
आणि पैसे मोजू लागला,
नाणी एकेक, टेबलाच्या कडेपर्यंत ओढत.

पावतीवर तिने लिहिलं :
घोडी सपाट केली. मान सैल केली.
तारा : मग जरा थांबून,
नेहमीच्याच.